सोयाबीनच्या भावाची दुरुस्ती

अकोला,
कार्तिक वद्य पंचमी

चि. ताई,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा तू रडत नव्हतीस, पण आवाज बसला होता. ‘मामा, मी खोटं काहीच लिहिलं नाही, तरी लोक मला बाजारात चोरासारखं बघतात,’ असं तू म्हणालीस आणि मला पुढे बोलवेना. दुखावलेल्या माणसाला फोनवर समजवायला गेलं की शब्द उलटे लागतात. पत्र दोनदा वाचता येतं, बाजूला ठेवून सकाळी पुन्हा उघडता येतं. म्हणून लिहायला बसलो.

आधी तुझी हकीकत मला समजली तशी मांडतो. कुठे चुकलो तर सांग. वाशीमच्या बाजारात बिजवाईच्या सोयाबीनला चढा भाव मिळाला. तू मोबाईलवर चालवतेस त्या बातमीपत्रात मथळा दिलास, ‘सोयाबीनच्या भावाची उसळी’, आणि त्याखाली तो सगळ्यात वरचा आकडा. बिजवाईचा उल्लेख तिसऱ्या ओळीत होता. अनसिंगच्या अलीकडच्या खेड्यातल्या एका शेतकऱ्याने मोबाईलवर मथळा आणि आकडा पाहिला, भाड्याने गाडी ठरवली, घरातली पोती भरली आणि वाशीम गाठलं. त्याचा माल साधा, वर ओलाव्याचा. हाती आला तो भाव मथळ्यातल्या भावाच्या जवळपासही नव्हता. त्याने तुला चिडून निरोप धाडला. तू उत्तर दिलंस, ‘बातमी पूर्ण वाचत जा.’ त्याने मग जास्त कडू लिहिलं, तू त्याचा नंबर बंद केलास. चार दिवसांनी आठवडी बाजारात तो तुझ्या बाबांसमोर, म्हणजे भाऊजींसमोर, उभा राहिला आणि तुझ्याबद्दल जे बोलायचं ते सगळ्यांदेखत बोलला.

आता माझं ऐक. तुझ्या बातमीत खोटं काही नव्हतं, हे मी मान्य करतो. तरीही तो माणूस बरोबर आहे.

तू स्वतः शेतकऱ्याची मुलगी आहेस, बिजवाई म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको. पुढच्या पेरणीसाठी निवडलेला, वाळलेला, उगवण चांगली असलेला माल. त्याला घेणारा वेगळा, त्याचा हिशेब वेगळा. साध्या मालाच्या भावाशी त्याची गाठ घालणं म्हणजे नवरदेवाच्या घोड्याचं भाडं पाहून बैलजोडीची किंमत ठरवणं. बाजार समितीच्या फलकावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव लिहिलेले असतात ते याचसाठी. शेतकऱ्याच्या कामाचा भाव सर्वसाधारणचा. कमाल भाव एखाद्या ढिगालाही मिळालेला असू शकतो. शिवाय ओलावा आहे. सरकारी खरेदीत बारा टक्क्यांची अट असते, ती २०२४ च्या नोव्हेंबरात पंधरापर्यंत सैल केली तेव्हा तूच आनंदाने बातमी दिली होतीस, मला आठवतं. म्हणजे या सगळ्या गोष्टी तुला ठाऊक होत्या. मथळा देताना त्या मागे राहिल्या, कारण ‘उसळी’ या शब्दावर बोटं पटकन पडतात. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. तेवढा आकडा शेजारी ठेवला असतास तरी वाचणारा दचकला असता, थांबला असता, कुणाला तरी विचारून मग गाडी सांगितली असती.

‘बातमी पूर्ण वाचत जा’ हे उत्तर त्याला लागलं, कारण त्यात त्याच्या नुकसानीबद्दल एक अक्षर नव्हतं. गाडीभाडं गेलं, दिवस गेला, आडत-हमालीही झाली असेल. त्याच्या निरोपात राग होता आणि रागाच्या आत एक म्हणणं होतं. तू रागाला उत्तर दिलंस. म्हणणं तसंच राहिलं, ते मग बाजारात आलं.

मी बत्तीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर काढली, त्यातली एक गोष्ट मी घरात कधी सांगितली नाही. तुला सांगतो. रात्रपाळीत एका खटल्याची बातमी माझ्या हातून गेली. आरोपीचं नाव आणि आडनाव बरोबर, गावाचं नाव चुकलं. चुकलेल्या गावातही त्याच नावाआडनावाचा एक माणूस राहत होता. तिसऱ्या दिवशी तो एसटीने अकोल्याला आला. अंक घडी घालून खिशात होता. ओरडला नाही, भांडला नाही. अंक टेबलावर पसरला, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘हा मी नव्हं.’ आम्ही दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, खाली, चार ओळींत दुरुस्ती दिली. आठवड्याने तो पुन्हा आला. या वेळी त्याचा आवाज थरथरत होता. ‘साहेब, बदनामी पहिल्या पानावर आणि माफी सातव्या पानावर. आमच्या गावात सातवं पान कोण वाचते?’ मी खाली मान घातली. त्यानंतर ती दुरुस्ती पहिल्या पानावर गेली, पण त्यासाठी मला वरच्या माणसांशी भांडावं लागलं आणि त्या भांडणाला मी पहिल्याच दिवशी उभा राहिलो नव्हतो, याची बोच अजून आहे.

प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही हेच आहे, चूक झाली की दुरुस्ती ठळकपणे आणि लवकर द्यावी. ते कौन्सिल छापील वर्तमानपत्रांपुरतं. तुझ्यासारख्या इंटरनेटवर बातम्या देणाऱ्यांसाठी सरकारचे २०२१ चे नियम आले, त्यात तक्रार ऐकायला माणूस नेमावा, पंधरा दिवसांत निर्णय द्यावा असं म्हटलं. त्या नियमांतल्या आचारसंहितेबाबतच्या काही भागाला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. कायद्याचं पुढे काय व्हायचं ते होवो. आपल्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाचं ऐकायला आपल्याला कायद्याची वाट कशाला पाहायची?

तुझ्या पिढीच्या हाती एक सोय आली आहे आणि तिची मला भीती वाटते. छापलेला अंक परत घेता येत नसे. तुमची बातमी गुपचूप बदलता येते. तू त्या रात्री मथळा बदललास, हे तूच मला सांगितलंस. बदललास ते ठीक. पण बदलल्याचं कुठे लिहिलं नाहीस. पहिला मथळा तोवर गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पोचला होता, लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते. आता ज्याच्याकडे जुना फोटो आहे तो म्हणतो, ‘बघा, पुसून टाकलं.’ चूक पुसली की ती लबाडी दिसू लागते. पुढे कधी काही बदलावं लागलं तर त्याच बातमीत, वरच, तारीख आणि वेळ घालून लिही की हे चुकलं होतं, ते असं हवं. आणि बातमी ज्या-ज्या गटांत पाठवली असशील त्या प्रत्येक गटात दुरुस्ती पाठव. बातमी दहा गटांत आणि दुरुस्ती एकात, हे माझ्या सातव्या पानासारखंच.

आता आगरकरांबद्दल लिहितो. तुला वाटेल मामा पुन्हा जुन्या गोष्टींत शिरला. पण आगरकर आपले आहेत. टेंभूचा तो मुलगा गरिबीमुळे नातेवाइकांकडे अकोल्याला आला, इथल्या शाळेत शिकला, इथल्या ‘वऱ्हाड समाचारा’त लिहू लागला आणि १८७५ मध्ये इथूनच मॅट्रिक झाला. तुझ्या वाशीमचाही अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला तो १९९८ च्या जुलैत. म्हणजे आगरकरांच्या लेखणीची पहिली शाई वऱ्हाडातली. त्यांच्या आयुष्यात दोन प्रसंग असे आहेत की ते शेजारीशेजारी ठेवल्यावर तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

पहिला १८८२ चा. ‘केसरी’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळक ‘मराठा’चे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर दोन्ही पत्रांत आला. आधार होता बर्व्यांच्या म्हणून दिलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रं बनावट निघाली. दोघांच्या मनात महाराजांबद्दलची कळकळ खरी होती, पण हातातला कागद खोटा होता. हे कळल्यावर त्यांनी माफी मागितली. माफीने खटला टळला नाही. चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून दोघे सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं.

त्याच खटल्यातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. जामिनाला दहा हजार रुपयांची गरज होती तेव्हा जोतीराव फुल्यांनी धावपळ करून आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना जामीन उभं केलं. ‘केसरी’ काढणाऱ्यांतच विष्णुशास्त्री चिपळूणकर होते आणि त्यांनी ‘निबंधमाले’त फुल्यांवर किती बोचरं लिहिलं होतं हे जोतीरावांना ठाऊक होतं. ज्यांच्याकडून टीका सोसली त्यांच्याच जोडीदारांसाठी त्यांनी हे केलं. ताई, टीका करणारा आणि टीका सोसणारा यांच्यामध्ये एवढी जागा असू शकते. तू नंबर बंद केलास तेव्हा ती जागा बंद केलीस.

दुसरा प्रसंग पुढचा. १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. स्त्रियांचं शिक्षण, विधवांचं केशवपन, बालविवाह, सोवळंओवळं, कशावरही त्यांनी हातचं राखलं नाही. पुण्याचे सनातनी इतके खवळले की त्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आपल्या घराशेजारून आपलीच तिरडी जाताना ज्या माणसाने पाहिली त्याच्या मनात काय आलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. त्यांनी लिहिणं थांबवलं नाही, मत पातळ केलं नाही. १८९५ च्या जूनमध्ये गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

माणूस तोच. खोट्या कागदावर विसंबून लिहिलं गेलं तिथे त्याने माफी मागितली. पटलेल्या मताबद्दल तिरडी दारावरून गेली तरी मागे सरला नाही. तुझ्याकडे येणारी प्रत्येक तक्रार आधी या दोहोंत कुठे बसते ते पाहा. माहिती चुकली असेल तर समोरचा कसाही बोलला असला तरी नमायचं. सोयाबीनचा मथळा यात बसतो. मतभेद असेल तर एकदा, सविस्तर, शांतपणे कारणं सांगायची आणि आपल्या जागेवर उभं राहायचं. गावातल्या बालविवाहाची बातमी तू मागच्या वर्षी दिलीस आणि लोकांनी ‘गावाची बदनामी केली’ म्हणून तुझ्यावर तोंड सोडलं, तेव्हा तू ती मागे घेतली नाहीस. तिथे मी तुझ्या पाठीशी होतो आणि आहे. बहुतेकांचं उलट होतं. मताला धमकी आली की ते गुपचूप बातमी काढून टाकतात आणि आकडा चुकला की तोंड वर करून भांडतात.

आता माफीच्या भाषेबद्दल. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’ हे वाक्य कृपा करून कधी लिहू नकोस. ते मराठी पत्रकारितेत इतकं मुरलं आहे की लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नाही. त्यात चूक कोणती ते नाही, केली कुणी ते नाही, आणि ‘असल्यास’ म्हणून दुखणंही संशयात टाकलेलं. ‘गैरसमज झाला असल्यास’ हे त्याचंच भावंड, त्यात तर चूक वाचणाऱ्याच्याच डोक्यावर जाते. माझ्या मते तुझी दुरुस्ती अशी असावी:

‘दुरुस्ती. सोयाबीनच्या भावाच्या बातमीत आम्ही मथळ्यात दिलेला भाव बिजवाईच्या सोयाबीनचा होता. साध्या सोयाबीनचा त्या दिवशीचा सर्वसाधारण भाव त्याहून बराच कमी होता. हा फरक मथळ्यातच सांगायला हवा होता, तो आम्ही सांगितला नाही. नंतर मथळा बदलला, पण बदलल्याचं कळवलं नाही, हीही आमची चूक. मथळ्यावर विसंबून ज्यांनी माल नेला त्यांचं नुकसान झालं, त्यांची आम्ही माफी मागतो. एका शेतकरी वाचकाने ही चूक दाखवून दिली. त्यांचे आभार.’

खाली त्या दिवशीचे तिन्ही भाव आणि आवक दे. भाव बाजार समितीकडून पुन्हा विचारून घे, आपल्याच जुन्या बातमीतून उचलू नकोस. शेतकऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय घालू नकोस, त्याला ते आवडेलच असं नाही.

फोनवर तू म्हणालीस की अर्ध्याहून जास्त लोक नाव न सांगता बोलतात, त्यांना कशाला उत्तर द्यायचं. इथे मी तुझ्याशी सहमत नाही. १८४८ मध्ये भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. ती शंभरावर पत्रं आज मराठीतला मोलाचा ठेवा मानली जातात. भाऊ महाजनांनी ‘खरं नाव छापा, मग बघू’ अशी अट घातली असती तर काय गमावलं असतं याचा विचार कर. गावात तर नाव न सांगण्याला फार साधी कारणं असतात. रेशन दुकानदाराविरुद्ध बोलायचं तर पुढच्या महिन्याचं धान्य त्याच्याच हातून घ्यायचं असतं. ग्रामपंचायतीविरुद्ध बोलायचं तर घरकुलाची यादी तिथेच होते. तेव्हा निनावी माणसाने जे सांगितलं ते तपासून घे. तपासून खरं निघालं तर नावाची गरज उरत नाही. बनावट कागदावर विसंबून काय होतं ते १८८२ ने दाखवलंच आहे, म्हणून तपासल्यावाचून काहीच घेऊ नकोस, नाव सांगणाऱ्याचंही.

घाणेरडं लिहिणाऱ्यांची गोष्ट मात्र यात मिसळू नकोस. तू बाई आहेस म्हणून तुला रात्री जे निरोप येतात ते टीकेत मोडत नाहीत. त्यांना उत्तर देऊ नकोस, पुसूही नकोस, जसेच्या तसे जपून ठेव आणि पोलिसांत जा. ठाणं गावातच आहे. स्त्रीच्या अब्रूला धक्का देणाऱ्या शब्दांसाठी नव्या न्याय संहितेत ७९ वं कलम आहे, धमकीसाठी ३५१ वं. तक्रार द्यायला एकटी जाऊ नकोस, तुझ्या आईला किंवा शाळेतल्या बाईंना घेऊन जा. मला कळवलंस तर मीही येईन.

पण त्या शेतकऱ्याविरुद्ध तक्रार देण्याचं जे तू म्हणालीस ते मनातून काढून टाक. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना एका साध्या फेसबुक मजकुरावरून अटक झाली होती. एकीने लिहिलं, दुसरीने तो आवडल्याची खूण केली, एवढाच गुन्हा. ज्या ६६ अ कलमाचा तेव्हा आधार घेतला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. बोललेलं झोंबलं म्हणून पोलिसांकडे धावणाऱ्यांच्या त्रासातून त्या मुली गेल्या, आणि त्रास देणाऱ्यांच्या रांगेत बातमीदाराने उभं राहायचं नसतं. उद्या सरपंच तुझ्याविरुद्ध तेच करील आणि तेव्हा हाच शेतकरी तुझ्या बाजूने बोलायला हवा आहे.

एक आरोप तू फोनवर घाईत सांगून टाकलास, मी मात्र त्यावर रात्रभर विचार केला. ‘पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती घेता, त्यांच्याविरुद्ध काय लिहिणार?’ यावर तू चिडलीस. चिडण्यासारखं त्यात काही नाही, वाचकाला हा संशय घेण्याचा अधिकार आपल्याच धंद्याने दिला आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या कशा छापल्या गेल्या ते पी. साईनाथांनी उघड केलं, प्रेस कौन्सिलने दोघांची समिती नेमली आणि त्या समितीचा पूर्ण अहवालही कौन्सिलने आधी बाहेर येऊ दिला नाही. लोक हे विसरलेले नाहीत. तुझं घर जाहिरातींवर चालतं, हे उघड सांग. जाहिरातीवर ‘जाहिरात’ असं ठळक लिही, शुभेच्छा बातमीच्या साच्यात कधी टाकू नकोस. ज्याची जाहिरात घेतलीस त्याच्याविरुद्ध बातमी आली तर ती दे आणि बातमीतच लिही की यांची जाहिरात आमच्याकडे असते. पहिली जाहिरात बंद होईल, मी खोटं सांगणार नाही. मग पैसे कुठून येतील, हा प्रश्न तुझ्या आईने मला विचारलाच. त्या एका जाहिरातीची भरपाई कशी करायची ते आपण बसून पाहू, पण लपवायचं नाही.

आणि ज्या तक्रारी येतच नाहीत त्यांचं काय? मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. तुझ्या मागच्या वर्षभराच्या बातम्या मी मोबाईलवर एकेक करून पाहिल्या. बाजार, पोलीस ठाणं, शाळांचे कार्यक्रम, पुढाऱ्यांचे दौरे, अपघात. आजूबाजूच्या तांड्यांवरची एकच बातमी, तीही भांडणाची. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांची एकही नाही. बौद्धवाडीची डिसेंबरातली अभिवादनाची आणि एप्रिलमधली मिरवणुकीची, मधल्या महिन्यांत काही नाही. तिथून तुला कुणी रागाने लिहीत नाही, याचा अर्थ ते समाधानी आहेत असा होत नाही. तुझ्याकडून त्यांना काही अपेक्षाच नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला तेव्हा मुंबई इलाख्यात वर्तमानपत्रांची वाण नव्हती. असलेल्या पत्रांत बहिष्कृतांचं म्हणणं यायला जागा नव्हती, म्हणून त्यांना स्वतःचं पत्र काढावं लागलं. नावातच सगळी तक्रार होती. तुझ्या गावात असा वाचक असेल की ज्याने तुझ्याकडे तक्रार करणंच सोडलं, तर तो शेतकऱ्यासारखा बाजारात तुला अडवणार नाही. त्याच्याकडे तुलाच जावं लागेल. महिन्यातून एक दिवस ठरव, फोन घरी ठेव, आणि एका तांड्यावर किंवा वस्तीवर नुसती बसून ये.

एकटीने सगळं झेलू नकोस. लंडनच्या ‘गार्डियन’ने १९९७ मध्ये वाचकांचा संपादक नेमला, आपल्याकडे ‘द हिंदू’ने २००६ मध्ये. लिहिणाऱ्याने स्वतःच स्वतःचा न्याय करू नये, तक्रार ऐकणारा वेगळा असावा, एवढाच त्यामागचा विचार. तुझ्याकडे पगार द्यायला पैसे नाहीत हे मला माहीत आहे. पण गावात निवृत्त झालेले मास्तर आहेत, ज्यांना सगळ्या जाती, सगळे पक्ष मान देतात. महिन्यातून एकदा सगळ्या तक्रारींची वही त्यांच्यासमोर ठेव. ते म्हणाले चूक आहे, तर दुरुस्ती. तू त्यांच्या मताशी सहमत नसलीस तर दोघांचंही म्हणणं छाप. वही कागदाची ठेव. कोणत्या दिवशी कुणी काय म्हटलं, तू काय तपासलंस, काय उत्तर दिलंस, एका रेषेत. वर्षाने ती वही चाळलीस की आपण कुठे पुन्हा पुन्हा चुकतो ते कळतं. माझ्याकडे तशा चार वह्या आहेत. गावांच्या नावांत मी सगळ्यात जास्त चुकलो. सारख्या नावाची गावं आपल्याकडे पुष्कळ, तालुका लिहिला नाही की घात होतो. तू आजपासूनच प्रत्येक गावापुढे तालुका लिहायला लाग.

आणि उत्तर देण्याची वेळ. रात्री दहानंतर कुणालाही उत्तर देऊ नकोस. राग आला असेल तर लिही, पण पाठवू नकोस, सकाळी वाच. सकाळी त्यातली निम्मी वाक्यं तुला स्वतःलाच नकोशी वाटतील. चूक सुधारण्याला मात्र रात्र-दिवस पाहू नकोस. भाव चुकला असेल तर पहाटे गाडी भरणाऱ्या माणसाच्या आधी ती दुरुस्ती पोचली पाहिजे.

त्या शेतकऱ्याचा नंबर आज मोकळा कर. आधी दुरुस्ती दे, मग त्याला फोन कर, त्या क्रमानेच. दुरुस्तीच्या आधी फोन केलास तर त्याला वाटेल तू त्याला गप्प करायला बघते आहेस. फोनवर ‘मी बिजवाई लिहिलं होतं’ हे सांगू नकोस, ते त्याला आता माहीत आहे. गाडीभाडं किती गेलं ते विचार आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐक. तो अजूनही चिडलेला असेल. चार शब्द जास्त बोलेल. बोलू दे. भाऊजींनाही सांग, बाजारात तो पुन्हा भेटला तर त्यांनी तुझ्या वतीने भांडू नये. भाऊजींना ते जड जाईल, मला ठाऊक आहे, माणूस मानी आहे.

साधी सोयाबीन अजून घराघरांत पडून आहे, विकायची बाकी आहे. पुढच्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी तिन्ही भाव, आवक आणि ओलाव्याची अट, एवढंच, विशेषण न लावता देऊन पाहा. मी सोमवारी सकाळच्या गाडीने येतो आहे, त्या चार वह्या घेऊन. तुझ्या आईला नमस्कार सांग. तिच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझा,
मामा